पाळी, पेढी आणि कचेरी सांभाळून पाच वक्तांची नमाज: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

रमजान संपल्यावर पाच वक्त सोडायचे नाहीत असा निश्चय करणारे आणि बकरीदेपर्यंत पुन्हा जुम्यापुरते (शुक्रवारच्या नमाजेपुरते) उरणारे लोक मी दरवर्षी पाहतो. त्यांतले बहुतेक जण आळशी नसतात. पहाटे उठून दूध घालणारे, पाळीला जाणारे, सौद्याला तासन्‌तास उभे राहणारे कष्टकरी लोक असतात. त्यांची चूक निराळीच असते. ते आधी कामाचा दिवस आखतात आणि मग त्यात नमाजेसाठी फट शोधतात. फट मिळाली त्या दिवशी नमाज होते, नाही मिळाली त्या दिवशी जाते, आणि आठवड्यात तीन-चारदा गेली की मन उभारी धरत नाही.

सूरह निसाच्या १०३ व्या आयतीत नमाज ठरलेल्या वेळांना बांधलेली आहे असे सांगितले आहे. सूरह जुमाच्या ९ व्या आयतीत अजान होताच व्यवहार सोडण्याचा हुकूम आहे आणि लगेच १० व्या आयतीत नमाज झाल्यावर जमिनीवर पांगून अल्लाहचे फज्ल (कृपा) शोधण्याचा. म्हणजे काम इबादतीच्या आड येत नाही. काम नेमके कुठे थांबवायचे हे आधी ठरलेले नसते, ते आड येते. पुढचे टप्पे त्यासाठीच आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. सातारा-सांगलीकडे बहुसंख्य लोक हनफी (इस्लामी कायद्याच्या एका परंपरेचे) असल्यामुळे मसले (नियम) हनफी पद्धतीने दिले आहेत. कोकणातून इकडे आलेल्या शाफई (दुसऱ्या परंपरेच्या) कुटुंबांसाठी महत्त्वाचा फरक त्या त्या ठिकाणी नोंदवला आहे.

## टप्पा १: आठ दिवस काहीही न बदलता नोंद ठेवा

एक लहान वही घ्या. रोजच्या पानावर फज्र (पहाटेची), जोहर (दुपारची), असर (दुपारनंतरची), मगरिब (सूर्यास्तानंतरची), इशा (रात्रीची) अशा पाच ओळी आखा आणि प्रत्येकीपुढे नमाज किती वाजता पढली किंवा का गेली एवढेच लिहा. "वेळ नव्हता" असे लिहू नका. "ट्रक उतरवत होतो", "कपडे ग्रीसने भरले होते", "झोप लागली" असे लिहा. या आठ दिवसांत सुधारणा करण्याचा प्रयत्नही करू नका, कारण आपल्याला दुखणे नेमके कुठे आहे ते पाहायचे आहे.

माझी स्वतःची सहा वर्षे कुपवाडच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीत गेली. माझ्या सगळ्याच नमाजा विस्कळीत आहेत असा माझा समज होता. वही लिहिल्यावर दिसले की असर रोज होत होती, इशा घरी होत होती आणि जात होती ती एकटी मगरिब, तीही सहापैकी सहा दिवस. चहाची सुट्टी साडेसातला होती आणि महिना डिसेंबरचा होता. सूर्य सहाच्या सुमारास मावळत होता आणि सातवीस वाजेपर्यंत मगरिबचा वक्त संपत होता. हीच साडेसातची सुट्टी जूनमध्ये अगदी वक्तावर येत असे, म्हणून सहा महिने मला काही चुकते आहे हे कळलेच नव्हते.

तपासणी: आठ दिवसांनंतर एकच नमाज पुन्हा पुन्हा जाताना दिसत असेल, तर तुमचे काम सोपे आहे. पाचही जात असतील, तर पहिल्या महिन्यात फज्र आणि मगरिब या दोन वेळांपासून सुरुवात करून बाकीच्यांची व्यवस्था लावा. त्या काळात सुटलेल्या नमाजा त्याच दिवशी कजा (वक्त गेल्यावर भरून काढायच्या) म्हणून पढायच्या आहेत, माफ झाल्या असे समजायचे नाही.

## टप्पा २: वक्त स्वतःच्या गावाचा घ्या, आणि वर्षातून दोनदा तपासा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. मोबाइलवर मुंबईचे वेळापत्रक लावलेले असते, किंवा नातेवाइकाने हैदराबादहून पाठवलेला तक्ता भिंतीवर लावलेला असतो. सांगली मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळे इथे सूर्य सरासरी सात मिनिटे आधी माथ्यावर येतो. उगवती-मावळतीचा फरक मोसमाप्रमाणे कमी-जास्त होतो: हिवाळ्यात सांगलीची पहाट मुंबईपेक्षा सुमारे दहा मिनिटे आधी होते आणि उन्हाळ्यात सूर्यास्त तितकाच आधी होतो. उलट हैदराबादेत सूर्य सांगलीपेक्षा साधारण पाव तास आधी मावळतो आणि सोलापुरात पाच मिनिटे आधी. सातारा आणि सांगली यांच्यात मात्र दोन-तीन मिनिटांचाच फरक आहे. आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीत लावलेला तक्ता हाच धरावा आणि मोबाइलच्या ॲपमध्ये आपले शहर व हनफी किंवा शाफई ही निवड स्वतः तपासून घ्यावी.

आता प्रत्येक वक्त कामाच्या घड्याळाशी ताडून पाहा.

जोहर: आपल्या भागात सूर्य माथ्यावरून ढळण्याची वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेएकच्या सुमारास असते. याचा सोपा अर्थ असा, की जेवणाची सुट्टी एक वाजता होत असेल, तर वर्षातल्या कोणत्याही दिवशी जोहरचा वक्त सुरू झालेलाच असतो. मशिदीतली जमात (सगळ्यांची एकत्र नमाज) दीड वाजता आहे म्हणून "अजून वेळ झाली नाही" असे समजून परत कामावर बसणारे लोक मी पाहिले आहेत. जमातीची वेळ वेगळी आणि वक्त वेगळा. जमात मिळणे उत्तम. पण जी मिळणारच नाही तिच्यासाठी थांबून नमाज घालवणे चूक आहे.

असर: हनफी हिशोबाने असर हिवाळ्यात चारवीसच्या सुमारास आणि जून-जुलैत पाचदहाच्या सुमारास सुरू होते. शाफई हिशोबाने ती बरीच आधी सुरू होते. पाचला शाळा सुटणाऱ्या शिक्षकाला दोन्ही मोसमांत अडचण नाही. पण सव्वासहाला कचेरी सुटणाऱ्या कर्मचाऱ्याची नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असर खुर्चीवर बसल्या बसल्या निघून जाते, कारण तेव्हा सूर्यास्त सहाच्या आतबाहेर असतो. त्याने असर कचेरीतच पढली पाहिजे. सूर्यास्तापूर्वीची शेवटची साधारण वीस मिनिटे, म्हणजे ऊन पिवळे पडल्यावरची, मकरूह (नापसंत) वेळ आहे. तेवढी मोजणीतून वगळूनच आखणी करा.

मगरिब: सर्वांत अरुंद वक्त. सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तास मिळतो, आणि विनाकारण उशीर नापसंत आहे.

इशा आणि फज्र: इशा मगरिब संपल्यापासून पहाट फुटेपर्यंत असते, मात्र मध्यरात्रीच्या आत पढावी. फज्र पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत, म्हणजे साधारण सव्वा तास. आपल्याकडे सूर्योदय जूनमध्ये सहाच्या सुमारास आणि जानेवारीत सातच्या सुमारास होतो.

इशारा: नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि मार्चच्या शेवटी हा सगळा ताळा पुन्हा करा. उन्हाळ्यात बसवलेला दिवस हिवाळ्यात आपोआप मोडतो.

## टप्पा ३: काय टाळता येत नाही ते आधी वेगळे काढा

दिवसाच्या फर्ज (सक्तीच्या) रकाती (नमाजेची आवर्तने) सतरा आहेत: फज्रच्या दोन, जोहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन आणि इशाच्या चार. त्यांत इशानंतरचे तीन वित्र वाजिब (फर्जच्या खालोखाल आवश्यक) म्हणून मिळवले की वीस होतात. यांवर सुन्नते मुअक्कदा (आग्रहाने पाळायच्या सुन्नता) बारा: फज्रपूर्वी दोन, जोहरपूर्वी चार व नंतर दोन, मगरिबनंतर दोन, इशानंतर दोन. बाकीच्या नफिल (ऐच्छिक).

कामाच्या जागी लागणारा वेळ घड्याळ लावून एकदा मोजा. शांतपणे पढलेल्या चार फर्ज रकातींना पाच-सहा मिनिटे लागतात, वुजूला (नमाजेपूर्वी हात-तोंड-पाय धुण्याला) तीन-चार. जोहर सुन्नतांसह बारा ते पंधरा मिनिटांत होते, असर आठ-दहा मिनिटांत. हा आकडा तुम्हाला माहीत हवा, कारण पाचव्या टप्प्यात तोच साहेबांपुढे मांडायचा आहे.

नेहमीची चूक: उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात तहज्जुद, इशराक (या नफिल नमाजा), रोज एक पारा (कुराणाचा भाग) आणि दोन वजिफे (जप) अंगावर घ्यायचे आणि महिन्याभरात फर्जसकट सगळे सोडून द्यायचे. अल्लाहला सर्वांत प्रिय अमल तो, जो थोडा असला तरी कायम असतो, ही हदीस आपण सगळे ऐकत आलो आहोत. ती नेमकी या आठवड्यात आठवावी. फर्ज, वित्र आणि मुअक्कदा सुन्नता सलग चाळीस दिवस टिकल्या, की मग एकच नफिल अमल वाढवा.

दुसरी चूक उलट बाजूची आहे आणि ती मला जास्त खुपते. गिऱ्हाईक ताटकळत आहे, सोबतचा कामगार दोघांचे काम ओढतो आहे, आणि आपण आतल्या खोलीत नफिलांवर नफिल पढतो आहोत. पगारी माणसाचा वेळ मालकाने विकत घेतलेला असतो. त्या वेळेत फर्ज पढण्याचा हक्क त्याला आहे, पण मालकाच्या परवानगीवाचून नफिल पढू नयेत, असे फुकहांनी (इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी) स्पष्ट सांगितले आहे. अंगावर कर्ज असताना, घरात औषधाला पैसे नसताना दुकान बंद ठेवून नफिल इबादतीत दिवस घालवणे हाही समतोल नव्हे. तुझ्या देहाचा तुझ्यावर हक्क आहे आणि तुझ्या घरच्यांचाही, हे पैगंबरांचे सहकारी हजरत सलमान फारसी यांनी दुसरे सहकारी हजरत अबू दरदा यांना सांगितले आणि रसूलुल्लाह (पैगंबर) सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्याला दुजोरा दिला.

## टप्पा ४: जागा, किबला, कपडे आणि वुजू

या चार गोष्टी तयार नसल्या, की आठ मिनिटांच्या नमाजेला अर्धा तास लागतो आणि मग ती सुटते.

जागा. दोन फूट रुंद आणि चार फूट लांब कोरडी, पाक (शुद्ध) जागा पुरते. येण्याजाण्याची वाट, मालाची वाट आणि यंत्राच्या आसपासचा पट्टा टाळा. जानमाज (नमाजेची चटई) घडी घालून पिशवीत ठेवा. कागदाच्या पुठ्ठ्यावर पढणाऱ्यांचा पुठ्ठा नेमका त्या दिवशी कुणीतरी उचलून नेतो.

किबला (नमाजेत तोंड करायची, मक्केतल्या काबेची दिशा). "पश्चिमेला तोंड करायचे" एवढेच बहुतेकांना माहीत असते. सांगली-साताऱ्याहून किबला खऱ्या पश्चिमेपासून बारा ते चौदा अंश उत्तरेकडे आहे. पत्र्याच्या शेडमध्ये आणि मोटारींजवळ मोबाइलचे होकायंत्र भरकटते. म्हणून उघड्यावर जाऊन एकदा दिशा नक्की करा, भिंतीचा कोणता कोपरा समोर येतो ते लक्षात ठेवा आणि दर वेळी मोबाइल फिरवत बसू नका.

कपडे. "कपडे मळके होते" हे कारण वह्यांमध्ये वारंवार सापडते, आणि ते बहुतेक वेळा गैरसमजातून आलेले असते. मळ आणि नजासत (अपवित्र करणारी घाण) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाम, माती, ग्रीस, उसाची मळी, हळदीची धूळ यांनी कपडा नापाक होत नाही. स्वच्छ कपडा घालणे अदबीचे आहे, पण तो नाही म्हणून नमाज सोडता येत नाही. रक्त, लघवी यांचा प्रश्न निराळा. मिरजेच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या परिचारिका, वॉर्डबॉय आणि गोठ्यात काम करणारे यांनी एक जादा जोडी पिशवीतच ठेवावी.

वुजू. हळदीच्या पेढीवर काम करणारा एक तरुण मी नळापाशी पाहिला. कोपरापर्यंत हात पिवळे, नखांच्या कडा केशरी, आणि तो साबण लावून चोळतच होता. ओघळणारे पाणी पिवळेच येत होते. दहा मिनिटे गेली, आत जमात संपली, आणि तो रडवेला होऊन म्हणाला, "चाचा, रंगच निघंना झालाय." त्याला कुणी सांगितलेच नव्हते, की रंग वुजूच्या आड येत नाही. कातडीपर्यंत पाणी पोहोचले पाहिजे, एवढीच अट आहे. हळदीचा, मेंदीचा डाग राहिला तरी वुजू होतो. तेलकटपणा राहिला तरी होतो. पाणी अडवणारा थर मात्र काढलाच पाहिजे: वाळलेला ऑइलपेंट, चिकटवण्याचा गोंद, नखांतले वाळलेले पीठ, सिमेंटची खपली, नेलपॉलिश. रंगकाम किंवा गवंडीकाम करणाऱ्याने कामाला लागण्यापूर्वी हातांना तेल लावले तर दुपारी थर सहज सुटतो.

कामावर निघताना घरूनच वुजू करून निघण्याची सवय लावा. पुष्कळदा तो जोहरपर्यंत टिकतो. पाय धुण्यासाठी बेसिनमध्ये पाय वर घेऊ नका. त्याने बेसिन निखळते, फरशी ओली होते आणि तक्रार बरोबरच असते. एक लहान तांब्या किंवा रिकामी बाटली ठेवा, मोरीपाशी पाय धुवा आणि फरशी पुसूनच बाहेर या.

इशारा: सुती किंवा नायलॉनच्या साध्या मोज्यांवर मसह (पाय धुण्याऐवजी ओला हात फिरवणे) होत नाही. चामड्याचे खुफ्फ (मोजे) पूर्ण वुजूवर चढवलेले असतील, तर मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र मसहची मुभा आहे. दिवसभर सेफ्टी बूट घालणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो.

## टप्पा ५: वरिष्ठांशी बोला, पण आधीचे चार टप्पे झाल्यावर

"मला नमाजेला सोडा" एवढेच म्हटल्यावर समोरच्याच्या डोक्यात अर्धा दिवस सुट्टी येते. म्हणून मागणी मिनिटांत आणि घड्याळाच्या काट्यावर मांडा, आणि काम कसे भरून काढणार तेही त्याच वाक्यात सांगा. साधारण असे बोलता येईल: "साहेब, नोव्हेंबर-डिसेंबर हे दोन महिने मला सहा-दहा ते सहा-वीस अशी दहा मिनिटे हवी आहेत. साडेसातच्या चहाच्या सुट्टीतली तेवढी मिनिटे मी यंत्रावर थांबेन. त्या दहा मिनिटांसाठी शेजारच्या यंत्रावरच्या पाटलांशी माझे बोलणे झाले आहे." मी जवळजवळ याच शब्दांत बोललो होतो. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले, पाटलांना हाक मारली, आणि विषय दोन मिनिटांत मिटला. सहा वर्षे मी त्यांच्या यंत्रावर एकादशीच्या आणि गणपतीच्या दिवसांत उभा राहिलो आणि ते माझ्या यंत्रावर मगरिबला.

नकार आला तर वाद घालू नका. आठ दिवसांनी वेगळी वेळ सुचवा, जेवणाची सुट्टी वीस मिनिटे पुढे-मागे होते का ते विचारा. चालत्या यंत्रावरून, रुग्णाजवळून किंवा रस्त्यावर उभ्या गाडीतून न सांगता उठून जाणे कधीही करू नका. एखाद्याचा जीव धोक्यात येत असेल तर नमाज मागे घेऊन नंतर पढण्याची सवलत शरीयतनेच दिली आहे.

स्वतःचे दुकान असलेल्यांना परवानगी लागत नाही, आणि म्हणूनच त्यांची नमाज जास्त जाते. "हे एक गिऱ्हाईक झाले की उठतो" या वाक्याला शेवट नसतो. एकट्याने दुकान चालवत असाल तर शटर अर्धे ओढून "दहा मिनिटांत येतो" अशी पाटी अडकवा आणि खरोखर दहा मिनिटांत या. रोज तीच वेळ ठेवली की पंधरवड्यात गिऱ्हाईक आपली वेळ बदलते. दोघे भाऊ असतील तर एकाने जमातीला जावे आणि दुसऱ्याने मागाहून पढावे. पाळी रोज अदलाबदल करावी, नाहीतर एकाची जमात कायमची सुटते.

## टप्पा ६: पाळीप्रमाणे क्रम

पहिली पाळी, सात ते तीन: फज्र घरून पढूनच निघायचे. जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास असल्यामुळे पहाटेची बस पकडण्याच्या घाईत नमाज "गेटवर पढू" म्हणून पुढे ढकलली जाते आणि हजेरी लावेपर्यंत सूर्य वर येतो. जोहर जेवणाच्या सुट्टीत, बाकी घरी.

दुसरी पाळी, तीन ते अकरा: जोहर घरी पढून निघा. असर आणि मगरिब पाळीत. इशा सुट्टी मिळाल्यास पाळीत, नाहीतर घरी पोहोचताच, जेवणाच्या आधी. जेवून अंथरुणाला पाठ टेकल्यावर इशा होत नाही, हा माझा अनुभव आहे.

तिसरी पाळी, अकरा ते सात: इशा घरी. फज्रचा जवळजवळ संपूर्ण वक्त पाळीच्या आत येतो, बाराही महिने. सुटून घरी जाऊन पढू म्हणणाऱ्याची फज्र रोज कजा होते. या पाळीतला दुसरा धोका जोहरचा आहे, कारण माणूस सकाळी आठला झोपतो तो थेट चारला उठतो. दोनचा गजर लावा, पंधरा मिनिटांत जोहर पढा आणि पुन्हा झोपा. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते गजर बंद करणार नाहीत.

स्त्रियांसाठी एक स्वतंत्र सूचना: मासिक पाळीच्या दिवसांतल्या नमाजा माफ आहेत आणि त्यांची कजा नाही, रोज्यांची मात्र कजा आहे. पाळी संपल्यावर गुस्ल (पाक होण्यासाठीची आंघोळ) "रात्री घरी गेल्यावर" असे म्हणत दिवस पुढे ढकलणे ही सर्रास होणारी चूक आहे. पाक झाल्यापासून पहिला वक्त लागू होतो.

## टप्पा ७: जुमा

जुम्यात खुत्बा (इमामाचे प्रवचन) आणि दोन फर्ज रकाती ही मुख्य गोष्ट आहे. जोहर त्यात भागते. सांगली-मिरजेच्या आणि साताऱ्याच्या मशिदींत जुम्याच्या वेळा एकसारख्या नसतात. आपल्या कामाच्या ठिकाणापासून पंधरा मिनिटांच्या अंतरात असलेल्या सगळ्या मशिदींच्या वेळा विचारून वहीत लिहून ठेवा आणि सुट्टीशी जुळणारी मशीद निवडा. आपल्याच मोहल्ल्यात पढली पाहिजे असे बंधन नाही. जाण्या-येण्यासह किती वेळ लागतो ते एकदा मोजा आणि तेवढाच मागा.

जुमा चुकला तर जोहरच्या चार फर्ज पढायच्या. स्त्रिया, आजारी आणि मुसाफिर यांच्यावर जुमा फर्ज नाही. घरी थांबलेल्या स्त्रियांनी नेहमीची जोहर पढावी. खुत्बा चालू असताना मोबाइलवर हिशोब पाहणे किंवा शेजाऱ्याशी बोलणे यांनी जुम्याचे सवाब (पुण्य) वाया जाते.

## टप्पा ८: प्रवास

हनफी हिशोबाने साधारण ७८ किलोमीटर किंवा त्याहून लांब जाण्याच्या इराद्याने आपल्या गावाची वस्ती ओलांडली, आणि पोहोचल्या ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहायचे असले, की चार फर्जच्या दोन पढायच्या. फज्र, मगरिब आणि वित्र कमी होत नाहीत. सांगलीहून रोज कोल्हापूरला किंवा कराडहून साताऱ्याला जाणारा मुसाफिर नव्हे, कारण अंतर पन्नास किलोमीटरच्या घरात आहे. त्याने पूर्ण पढावी. सातारा ते पुणे किंवा सांगली ते सातारा हे अंतर शंभरच्या वर आहे, तिथे कस्र (चारच्या दोन) करावी. मुक्कामी इमामाच्या मागे असाल तर मात्र पूर्ण चार.

एसटी किंवा वडापने निघताना मगरिबच्या अर्धा तास आधी आणि नंतर बस कुठे असेल ते पाहून तिकीट काढा. महामार्गावर चहाला थांबते ती दहा मिनिटे वुजूसकट पुरतात, पण वुजू आधीच असेल तरच निश्चिंती असते. हनफींना प्रवासात दोन नमाजा एका वक्तात जोडता येत नाहीत. शाफईंना जोहर-असर आणि मगरिब-इशा जोडण्याची मुभा आहे.

## टप्पा ९: रमजान आणि काम

चांद्र वर्ष ३५४-३५५ दिवसांचे असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या मध्यानंतर आला आणि पुढची काही वर्षे जानेवारी-फेब्रुवारीकडे सरकत जाईल. ऊसतोडणीचा जोर, नव्या हळदीची आवक आणि मुलांच्या परीक्षा याच काळात असतात. जड कामे, उधारीची वसुली, लांबचे प्रवास यांची यादी शाबान या रमजानच्या आधीच्या महिन्यातच करा आणि शक्य ते उरकून घ्या.

दुसऱ्या टप्प्यातली चूक इथे महागात पडते. फेब्रुवारीत मुंबईच्या वेळेने सहरी (रोज्यापूर्वीचे पहाटेचे खाणे) संपवणारा सांगलीकर पहाट फुटल्यावरही आठ-नऊ मिनिटे खात राहतो, आणि तो रोजा होत नाही. हैदराबादची अजान मोबाइलवर ऐकून खजूर तोंडात घालणारा सूर्यास्ताच्या पाव तास आधी रोजा मोडतो.

तरावीह (रमजानमधली रात्रीची खास नमाज) वीस रकाती सुन्नते मुअक्कदा आहेत. पण रात्री दोनपर्यंत बाजारात फिरून, सहरी करून, फज्रच्या आधी झोपून जाणे हे फर्ज सोडून सुन्नत सांभाळणे आहे. तरावीह संपताच झोपा, सहरीला उठा, फज्र पढूनच पुन्हा पडा.

मधुमेह असलेल्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा बदलून घ्याव्यात. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा आणि नंतर कजा करायचा. आजारी आणि मुसाफिर यांना ही सवलत सूरह बकराच्या १८५ व्या आयतीतच दिलेली आहे. ती नाकारून चक्कर येऊन यंत्रावर पडणे ही दीनदारी नव्हे.

## टप्पा १०: सुटलेल्या नमाजांचा हिशोब

हा टप्पा शेवटी ठेवला आहे, कारण चालू नमाजा स्थिर होण्यापूर्वी जुनी कजा काढायला बसणारे दोन्ही सोडतात. कजा फक्त फर्ज आणि वित्रची आहे, म्हणजे दिवसाला वीस रकाती. बालिग झाल्यापासून (वयात आल्यापासून) अंदाजे किती दिवसांच्या गेल्या ते काढा आणि अंदाज थोडा वरचाच धरा. स्त्रियांनी मासिक पाळीचे दिवस वजा करावेत.

रोज प्रत्येक फर्जसोबत त्याच वक्ताची एक जुनी कजा पढा. नियत अशी करा: माझ्यावर असलेल्या फज्रच्या कजांपैकी सर्वांत पहिली. दिवसात एक दिवस फिटतो, सुट्टीच्या दिवशी दोन-तीन फिटतात. सूर्य उगवताना, माथ्यावर असताना आणि मावळताना कजा पढू नका. असरनंतर आणि फज्रनंतर नफिल मना आहेत, पण कजा चालते. सहापेक्षा कमी नमाजा राहिल्या असतील, तर आधी त्या क्रमाने पढून मगच चालू वक्ताची पढायची. सहा किंवा अधिक राहिल्यावर हा क्रम सक्तीचा राहत नाही.

पहिल्या टप्प्यातली वही इथे पुन्हा कामाला येते. मागच्या पानांवर पाच नमाजांचे आणि वित्रचे असे सहा रकाने आखा, प्रत्येकात एकूण आकडा लिहा आणि रोज झोपण्यापूर्वी फिटलेली वजा करा. वही दुकानाच्या गल्ल्यात नव्हे, जानमाजेच्या घडीत ठेवा, आणि ती कुठे आहे व तिच्यात काय लिहिले आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.